पाटीवरच्या पेन्सिलीची धूळ

दसऱ्याच्या सकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत पाटीवर सरस्वती उमटायची. एकाचे आकडे एकमेकांना जोडून काढलेली, कुणाची सुबक, कुणाची वेडीवाकडी. तिच्यावर हळदकुंकू, झेंडूचे फूल, शेजारी वह्यापुस्तके. ती काढायची पाटीवरच्या पेन्सिलीने. करड्या रंगाची, बोटभर लांब, चुकीच्या कोनात धरली की अंगावर काटा आणणारा आवाज करणारी ही पेन्सिल मुले तोडत, हरवत, मित्राला उसनी देत आणि कित्येकदा गुपचूप खातही. तुटल्या पेन्सिलीवरून घरात बोलणी बसत. पेन्सिल येते कुठून, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडला नाही. वाण्याच्या दुकानातून येते, एवढे उत्तर पुरेसे होते.

देशभरातल्या वाण्यांकडे ती पोहोचायची मुख्यतः माळव्यातल्या मंदसौरहून.

मराठी वाचकाला मंदसौर माहीत असते ते तहामुळे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह होऊन होळकरशाही इंग्रजांच्या अमलाखाली गेली. शहर स्वतः पुढे शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात राहिले. गावाचे जुने नाव दशपूर. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, येथे येऊन राहिलेल्या रेशीम विणकरांनी पाचव्या शतकात सूर्यमंदिर बांधले आणि तसा शिलालेख कोरून ठेवला. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी आपल्या धंद्याची आणि स्थलांतराची हकिकत दगडावर लिहून ठेवावी, असे उदाहरण भारताच्या इतिहासात विरळाच. याच मंदसौरच्या आसपास, मुलतानपुऱ्यासारख्या गावांत, विसाव्या शतकात कारागिरांची आणखी एक पिढी दगडाशी झटली. तिची हकिकत शिलालेखात नाही. ती क्ष-किरणांच्या फिल्मवर आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांवर आहे.

दगड थरांचा, शेल जातीचा. मऊ, पापुद्र्यांनी सुटणारा, पाटीवर ओढला की पांढरट रेघ सोडणारा. खाणीतून त्याच्या लाद्या निघत. शेडमध्ये विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीपुढे कामगार मांडी घालून बसे, लादी दोन्ही हातांनी पुढे सरकवी आणि पात्याखालून पेन्सिलींच्या कांड्या पडत. जेवढी कांडी, जवळजवळ तेवढाच भुगा. करवत कोरडी चाले. भुगा उडे तो थेट कापणाऱ्याच्या तोंडावर. संध्याकाळपर्यंत भुवया, पापण्या, केस, कपडे सगळे एका रंगाचे होऊन जात. अंगावरची धूळ विहिरीवर धुतली जाई. श्वासाबरोबर आत गेलेली जात नसे.

धुळीचा लिहिण्याशी संबंध मात्र पेन्सिलीपेक्षा कितीतरी जुना आहे.

पंतोजींच्या शाळेत मुलाच्या हाती पहिल्यांदा येई ती धूळपाटी. लाकडी फळीवर विटकरीची भुकटी किंवा बारीक माती पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. चुकले की फळी हलवली, झाली कोरी. त्या अक्षरांना धुळाक्षरे म्हणत आणि कोणत्याही विषयाच्या पहिल्या धड्याला मराठीत आजही धुळाक्षरेच म्हणतात. ही पद्धत केवळ महाराष्ट्राची नव्हती. दक्षिणेत मुले वाळूत लिहीत. १७८९ मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा कारभार हाती घेतलेला स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल याने तिथल्या देशी शाळेत मुलांना वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिले. कागद नको, शाई नको, चुकीची भीती नको. त्याने ही रीत आपल्या शाळेत सुरू केली, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे ही पद्धत तिला जोडली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापले. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या शाळेतही लंडनच्या गरीब मुलांनी पहिली अक्षरे वाळू पसरलेल्या मेजावर काढली. शिक्षणाच्या इतिहासात ‘मद्रास पद्धत’ या नावाने जी ओळखली जाते, तिचे मूळ हे आहे.

वाळूनंतरची पायरी होती दगडी पाटीची. शाळा वाढल्या, वर्गात शंभर-शंभर मुले बसू लागली आणि पुसून पुन्हा वापरता येणारी पाटी हे स्वस्त साधन ठरले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखालच्या शाळांबरोबर ती भारतात पसरली आणि धूळपाटी मागे पडत गेली. धुळीत लिहिण्याची रीत भारतातून इंग्लंडला गेली आणि दगडावर लिहिण्याची रीत तिकडून इकडे आली. विसाव्या शतकात पाट्यांसाठी आंध्रातले मार्कापूर आणि पेन्सिलींसाठी मंदसौर अशी गावे नावारूपाला आली.

दगडाची धूळ माणसाला मारते, हे मात्र तोपर्यंत नवे ज्ञान राहिले नव्हते. मंदसौरच्या इतिहासातली सर्वांत क्लेशकारक गोष्ट हीच. जर्मन पंडित जॉर्ज अॅग्रिकोला याचा खाणींवरचा मोठा ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाला. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ अशा बायका आढळतात ज्यांनी सात-सात नवरे केले आणि सातही धुळीच्या क्षयाने गेले, असे त्यात नमूद आहे. खाणीत हवा खेळती ठेवा, तोंडावर सैल फडके बांधा, असा सल्लाही त्याने दिला होता. कामगारांच्या रोगांवरचा इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी याचा ग्रंथ १७०० मध्ये आला. दगड फोडणाऱ्यांच्या प्रेताची चिरफाड करताना फुफ्फुसावर चाकू चालवला की वाळूचा ढीग कापल्यासारखे वाटते, ही एका डच वैद्याची नोंद त्याने उद्धृत केली. रामाझिनीने वैद्यकाला आणखी एक साधी गोष्ट दिली. वैद्याने रोग्याला काय काय विचारावे, याची हिपोक्रेटिसपासून चालत आलेली यादी होती. तीत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा कोणता? तीनशे वर्षे झाली. फुफ्फुसाच्या रोगांत आजही याहून मोलाची तपासणी क्वचितच सापडते.

१८७० च्या सुमारास इटलीतच या रोगाला सिलिकोसिस हे नाव मिळाले. वाळू, गारगोटी, ग्रॅनाइट, पाटीचा दगड या सर्वांत कमीअधिक असलेल्या सिलिका या खनिजावरून. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जोहान्सबर्गला या एकाच रोगावर परिषद भरवली. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट येथे बोगद्याचे काम सुरू झाले. जवळजवळ शुद्ध सिलिकेचा डोंगर, कोरडे खोदकाम, बहुसंख्य मजूर दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय. पुढे झालेल्या एका अभ्यासाने तिथल्या मृत्यूंचा अंदाज साडेसातशेच्या वर बांधला. भारतात १९४० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांच्या छातीच्या तपासण्या झाल्या आणि हा रोग तिथेही मोठ्या प्रमाणावर असल्याचे कागदावर आले. मंदसौरच्या शेडमध्ये विजेची करवत फिरू लागली तेव्हा एवढे सारे छापलेले होते. ते करवतीपुढे बसणाऱ्याच्या कानावर घालणारे कुणी नव्हते.

ही धूळ आत करते तरी काय?

फुफ्फुस म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म हवेच्या पिशव्या, वायुकोश. प्रत्येक वायुकोशाच्या भिंतीला बिलगून रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ की प्राणवायू सहज आरपार जातो. या पिशव्यांच्या मधल्या भिंतींना आणि त्यांना आधार देणाऱ्या धाग्यांना वैद्यक इंटरस्टिशियम म्हणते. तिथे सूज येऊन किंवा व्रण धरून होणाऱ्या दोनशेहून अधिक रोगांच्या कुटुंबाला इंटरस्टिशियल लंग डिसीज, थोडक्यात आयएलडी, असे नाव आहे. दम्यात हवेच्या नळ्या आवळतात, न्यूमोनियात पिशव्या द्रवाने भरतात. आयएलडीत पिशवीची भिंतच जाड आणि राठ होत जाते. स्पंजाच्या जागी हळूहळू चामडे यावे तसे. श्वास घेतला तरी फुफ्फुस फुलत नाही आणि आत आलेला प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही.

सिलिकोसिस या कुटुंबातला सर्वांत जुना ओळखीचा सदस्य. मोठे कण नाकात, घशात अडकतात. काही मायक्रॉनएवढे बारीक कण, जे उन्हाच्या तिरिपीतही धड दिसत नाहीत, ते वायुकोशापर्यंत जातात. तिथल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात. एरवी अशी गिळलेली घाण पचते किंवा कफाबरोबर बाहेर पडते. सिलिकेचा कण पचत नाही. उलट तो पेशीलाच मारतो. मेलेल्या पेशीतून दाह वाढवणारी द्रव्ये सांडतात, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. प्रत्येक फेरीला आजूबाजूला व्रणाचे धागे विणले जातात, त्यांच्या गाठी होतात, गाठी जुळून मोठे गठ्ठे बनतात. नुकत्याच कापलेल्या दगडाची धूळ जुन्या धुळीपेक्षा अधिक जहाल असते, कारण ताज्या तुटलेल्या कडा पेशींना जास्त इजा करतात. मंदसौरची करवत दिवसभर अशीच ताजी धूळ उडवत होती. शिवाय हा रोग काम सोडल्यावर थांबेलच असे नाही. कण आतच असतात आणि फेरी चालू राहते.

मंदसौरमध्ये हा रोग नोंदवणारे डॉक्टर शेजारचेच निघाले. इंदूरच्या डॉक्टरांनी पेन्सिल कामगारांच्या सिलिकोसिसवरचा अभ्यास १९७७ मध्ये ‘चेस्ट’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे पथक मंदसौरला आले. डॉ. एच. एन. सैयद आणि सहकाऱ्यांनी हवेतली धूळ मोजली, ५९३ कामगारांच्या छातीचे फोटो काढले आणि १९८५ मध्ये निष्कर्ष छापले. ५४.६ टक्के कामगारांच्या फोटोत सिलिकोसिस होता. १७.७ टक्क्यांच्या फुफ्फुसात गाठी जुळून मोठे गठ्ठे झाले होते. सोळा महिन्यांनी पथकाने पुन्हा पाहणी केली. एवढ्या थोड्या काळात रोग झपाट्याने पुढे सरकला होता आणि काही कामगार दगावलेही होते. मृतांचे सरासरी वय पस्तिशीच्या आसपास होते. युरोपातल्या खाणकामगारांत हा रोग साधारणपणे वीस-वीस वर्षे धुळीत काढल्यावर दिसे. इथे दहा-बारा वर्षांत माणूस संपत होता.

पस्तिशीचा माणूस म्हणजे घरात म्हातारे आईबाप, बायको आणि शाळेच्या वयाची पोरे. त्याला आधी कोरडा खोकला लागे, मग जिना चढताना, पाण्याची घागर उचलताना धाप. वजन उतरे. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो पाहून क्षय म्हटले जाई आणि क्षयाच्या गोळ्या सुरू होत. यात डॉक्टरांची चूक म्हणावी तर तेही सरळ नाही, कारण सिलिकेने जखमी झालेल्या फुफ्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात आणि अनेकांना दोन्ही रोग एकदमच असत. पण नुसता सिलिकोसिस असलेल्यालाही क्षयाच्या औषधांचे कोर्स मागून कोर्स मिळत राहिले, तर दोन गोष्टी होतात. गुण येत नाही. आणि रोग जंतूचा ठरल्यामुळे कारखान्याचा उरत नाही. नुकसानभरपाईचा सगळा प्रश्न ‘क्षय’ या एका शब्दावर फिरतो.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला होता. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही या प्रकारचे रोग होते. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच ती साधारणपणे कारखाना ठरे. चार करवतींची शेड या व्याख्येबाहेर राही. हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, मग दहा वर्षे अमुक मालकाकडे धूळ खाल्ली हे सिद्ध करायचे कसे?

म्हणूनच १९८२ साली मध्य प्रदेशात झालेला कायदा लक्षात ठेवण्यासारखा आहे. राज्याने एकट्या स्लेट पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. एका लहानशा धंद्यासाठी, एका जिल्ह्यापुरता म्हणावा असा. देशातले कामगार कायदे चाळले तर एवढा नेमका कायदा सहसा आढळत नाही. मृत्यू किती आणि किती तरुण वयातले असतील, याचा अंदाज यावरूनच यावा.

योगायोग असा की त्याआधी तीनच वर्षे पाटीच्या दगडाने ब्रिटनच्या संसदेतही आपला हिशेब मागितला होता. उत्तर वेल्सच्या खाणींतून एकेकाळी जगभर छपरांचा आणि पाट्यांचा दगड जाई. तिथल्या दगड फोडणाऱ्यांची फुफ्फुसे पिढ्यान् पिढ्या सडत होती. खाणींच्या काही डॉक्टरांनी तर दोष धुळीवर न टाकता कामगारांच्या उकळून उकळून पिण्याच्या चहावर टाकला होता. खाणी बंद पडत गेल्या, कंपन्या उरल्या नाहीत, त्यामुळे भरपाई मागायची कुणाकडे हा पेच झाला. मार्च १९७९ मध्ये कॅलहन सरकारवर अविश्वासाचा ठराव आला तेव्हा वेल्सच्या प्लाइड कम्री पक्षाच्या तीन खासदारांनी आपल्या मतांच्या बदल्यात दगडकामगारांसाठी भरपाईचा कायदा मागून घेतला. २८ मार्चला सरकार एका मताने पडले. पण कायदा वाचला. एप्रिलमध्ये तो मंजूर झाला आणि ज्यांचा मालक नाहीसा झाला आहे अशा कामगारांना सरकारकडून पैसे मिळू लागले. वेल्सच्या त्या खाणींच्या परिसराला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मंदसौरच्या शेडचे नाव कुठल्याही वारशाच्या यादीत नाही.

मंदसौरचे नाव दुसऱ्या याद्यांत आहे. १९८७ च्या राष्ट्रीय बालकामगार धोरणाने देशातल्या काही उद्योगांवर बोट ठेवले: शिवकाशीच्या काडेपेट्या, सुरतचे हिरे, फिरोजाबादची काच, मुरादाबादची पितळी भांडी, अलीगढची कुलुपे, मिर्झापूर-भदोहीचे गालिचे, जयपूरची रत्ने. त्यांच्या बरोबरीने मार्कापूरचा पाटी उद्योग आणि मंदसौरचा पेन्सिल उद्योग. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना हीच नावे पुन्हा घेतली आणि प्रत्येक मुलामागे मालकाकडून वीस हजार रुपये वसूल करून निधी उभारायला सांगितले. बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात स्लेट पेन्सिल बनवणे, एवढेच नव्हे तर ती खोक्यात भरणेही, मुलांसाठी बंदी असलेल्या कामांत आहे. खोक्यात भरण्याचा उल्लेख कुणाला बारीकसारीक वाटेल. पेन्सिलींवर धूळ असते आणि भरणारे हात बहुधा मुलांचे आणि बायकांचे असत, हे ज्याने पाहिले होते त्यानेच तो शब्द घातला असणार. एका गावातले मूल दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढत होते आणि तिच्यासाठी लागणारी पेन्सिल दुसऱ्या गावातले त्याच वयाचे मूल खोक्यात भरत होते. या गोष्टीची लाज वाटायला देशाला फार वर्षे लागली.

पेन्सिलीचा व्यापार पुढे आपोआप आटत गेला. प्लास्टिकच्या पाट्या आल्या, मग वह्या स्वस्त झाल्या, आता अंगणवाडीतही रंगीत पेन आहेत. पण सिलिकेची धूळ केवळ जागा बदलते. मंदसौरपासून फार दूर नसलेल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या जिल्ह्यांतले आदिवासी गोध्र्याकडच्या गारगोटी दळणाऱ्या गिरण्यांत मजुरीला गेले आणि काही वर्षांतच खोकत परतले. त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात लढा झाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणी आणि दगड कोरणारे कारागीर आहेत. त्या राज्याने २०१९ मध्ये अशा रोगांसाठी स्वतंत्र धोरण आणले: निदान झाल्यावर तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख आणि दरमहा निवृत्तिवेतन. आदिवासी मजूर किंवा दगड कोरणारा आपला मालक सिद्ध करू शकत नाही, हे तिथे गृहीत धरले गेले. ही वाट बाकीच्या राज्यांनी, महाराष्ट्रानेही, धरायला हरकत नाही.

वैद्यक या काळात पुष्कळ पुढे गेले. पूर्वी छातीच्या फोटोवर अडणारे निदान आता एचआरसीटी या बारीक कापांच्या स्कॅनने होते. भिंतींची जाळी, गाठी, मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रे त्यात स्पष्ट दिसतात. फुंकरीच्या चाचणीने फुफ्फुस किती फुलते ते कळते, सहा मिनिटे चालवून रक्तातला प्राणवायू किती उतरतो ते पाहतात. कसलेला डॉक्टर पाठीला नळी लावतो आणि श्वासाच्या शेवटी बुटाची चिकटपट्टी उचकटल्यासारखा आवाज येतो का, हे ऐकतो. कारण सापडत नाही अशा फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुफ्फुस व्रणाने राठ होण्यात, तो आवाज फार बोलका असतो. पिरफेनिडोन आणि निंटेडानिब ही व्रणाचा वेग कमी करणारी दोन औषधे अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये एकाच दिवशी मंजूर झाली. निंटेडानिबला २०२० मध्ये वाढत जाणाऱ्या इतर फायब्रोसिससाठीही परवानगी मिळाली. दोन्ही भारतात मिळतात. पण झालेला व्रण पुसणारे औषध अजून जगात कुठेच नाही. म्हणून उपचारांची सुरुवात धुळीपासून बाजूला होण्याने होते. बिडी सोडायची, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घ्यायच्या, श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम शिकायचे, लागेल तेव्हा घरी प्राणवायू ठेवायचा, सिलिकोसिस असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यायची. फार थोड्यांना फुफ्फुसाचे प्रत्यारोपण शक्य होते.

आणि धूळ दगडाचीच असते असेही नाही. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी मिळून केलेल्या आयएलडीच्या नोंदणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना, ४७.३ टक्क्यांना, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. बुरशी, पाखरांची पिसे आणि विष्ठा यांची भुकटी श्वासावाटे जाऊन होणारा रोग. कूलरची कुजकी जाळी आणि कबुतरे ही त्यातली नेहमीची नावे. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत वाद पेटला तेव्हा अनेकांनी या रोगाचे नाव पहिल्यांदा ऐकले. कबुतरांवर माया करणाऱ्यांची माया खरी आहे. फुफ्फुसाची हानीही तेवढीच खरी आहे. रामाझिनीचा प्रश्न त्यामुळे आता थोडा वाढवावा लागतो: धंदा कोणता, आणि घराच्या खिडकीत काय आहे?

१९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०३० पर्यंत सिलिकोसिस जगातून नाहीसा करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते साल आता दाराशी आले आहे. धूळ मात्र नव्या घरांत शिरते आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी गारगोटीची भुकटी आणि राळ यांपासून बनवलेल्या क्वार्ट्झच्या फरशा निघाल्या. त्यांत सिलिकेचे प्रमाण फार जास्त असते. त्या कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये वेगाने वाढणारा सिलिकोसिस आढळल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फरशांवर बंदी घातली. आपल्याकडे पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात नव्या सदनिकेचे काम निघाले की जिन्याच्या टोकाला कारागीर ग्राइंडर लावून ओट्याचा दगड कोरडाच कापताना दिसतो. तोंडाला फार तर रुमाल. पांढऱ्या ढगात त्याचा चेहरा दिसत नाही आणि शेजारी दार लावून घेतात, फर्निचरवर धूळ बसू नये म्हणून.

ऑस्ट्रेलियासारखी बंदी आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांना एक गोष्ट आजच करता येते. पात्यावर पाण्याची धार राहील असे कापा, असे कंत्राटदाराला पहिल्या दिवशीच सांगावे. पाण्याची सोय आपण करावी, चिखल झाला तर तो पुसून घ्यावा. कारागिराला रुमालाऐवजी बारीक कण अडवणारा एन-९५ मास्क आणून द्यावा. आणि त्याला खोकला, धाप असेल तर दवाखान्यात जाताना, ‘मी इतकी वर्षे दगड कापतो,’ हे वाक्य डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांग, असे त्याला आठवणीने बजावावे.